कॉट्सवोल्ड्समधले दोन सायकलमार्ग : मोरटनहून पश्चिमेला आणि पूर्वेला

कॉट्सवोल्ड्स या इंग्लंडमधल्या टेकड्यांच्या मुलखात रस्त्यावरची सायकल चालवायला जायचे असेल, तर मोरटन-इन-मार्श हे रेल्वेस्थानक गाठावे आणि तिथून दोन मार्गांपैकी एक धरावा, असे माझे मत आता पक्के झाले आहे. पहिला मार्ग पश्चिमेचा. ब्लॉकली, चिपिंग कॅम्डन, ब्रॉडवे, स्नोजहिल, गाइटिंग पॉवर, अपर स्लॉटर आणि स्टो-ऑन-द-वोल्ड अशी गावे घेत तो सुमारे 65 किलोमीटरचा फेरा मारतो. दुसरा पूर्वेचा, ईव्हनलोड नदीच्या खोऱ्यातला, साधारण 40 किलोमीटरचा. मी रेडिंगला राहते आणि गेल्या सहा वर्षांत हे दोन्ही मार्ग वेगवेगळ्या ऋतूंत, कधी एकटीने तर कधी सोबत घेऊन, अनेकदा केले आहेत. इंग्लंडमधल्या सायकलमार्गांची जी वर्णने वाचायला मिळतात त्यांत मधाच्या रंगाची घरे, चहा आणि केक यांचेच कौतुक फार असते. सायकलस्वाराच्या मांड्यांना आणि ब्रेकना ज्याच्याशी गाठ पडते त्या जमिनीबद्दल त्यांत फारसे काही नसते, म्हणून हा आढावा मी जमिनीपासूनच सुरू करते.

पोळपाटाची एक कड हाताने उचलून धरावी आणि दुसरी ओट्यावर टेकलेली राहू द्यावी, तशी कॉट्सवोल्ड्सची रचना आहे. उचललेली कड पश्चिमेला आहे. तिथे जमीन एकदम तुटते आणि खाली सेव्हर्न व ॲव्हन या नद्यांचा सखल प्रदेश पसरतो. या कडेवरचे सर्वांत उंच ठिकाण, चेल्टनमजवळचे क्लीव्ह हिल, जेमतेम 330 मीटर उंच आहे. पूर्वेकडे जमीन हळूहळू उतरत जाते आणि विंडरश, ईव्हनलोड, कोल्न यांसारख्या नद्या त्या उतारावरून वाहत शेवटी थेम्सला मिळतात. प्रत्येक नदीने आपली दरी कोरली आहे आणि प्रत्येक उपनदीनेही. त्यामुळे जो रस्ता नदीच्या सोबतीने जातो तो सुखाचा असतो आणि जो रस्ता दऱ्या आडव्या छेदत जातो तो दर तीन-चार किलोमीटरला तुम्हाला खाली नेऊन पुन्हा वर चढायला लावतो. नकाशावर दोन्ही सारखेच बारीक पिवळे दिसतात. मार्ग आखताना हा एक भेद ध्यानात ठेवला, तर दिवस चांगला जाणार की पाय भरून येणार याचा अंदाज घरी बसूनच बांधता येतो.

महाराष्ट्रातून आलेल्या सायकलस्वाराला हे मुद्दाम सांगावे लागते, कारण आपल्याला सवय घाटाची असते. सिंहगडाचा किंवा कात्रजचा चढ सुरू झाला की माणूस एक लय धरतो, श्वास बसवतो आणि माथा येईपर्यंत ती सोडत नाही. इथे लय बसेपर्यंत चढ संपतो, उतार सुरू होतो आणि उताराच्या शेवटी वळणावर पुढचा चढ उभा असतो. दोन वर्षांपूर्वी माझा मामेभाऊ पुण्याहून आला होता. तो तिकडे दर रविवारी लोणावळ्यापर्यंत जाऊन येणारा, म्हणजे सराव भरपूर. नॉन्टनच्या पुढच्या चढावर थांबून तो मला म्हणाला, "ताई, इथे घाट नाही असं तू म्हणालीस ते खरं, पण एक अख्खा घाट तुकडे करून वाटेत पेरून ठेवलाय." त्या दिवशी माझ्या यंत्राने एकूण चढाई 900 मीटरच्या थोडी वर दाखवली होती आणि सलग शंभर मीटरचा चढ त्यात एक-दोनदाच आला होता. त्याच्या बोलण्याइतके नेमके वर्णन मला अजून सुचलेले नाही.

मोरटनला लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून थेट गाडी आहे. ती रेडिंग आणि ऑक्सफर्डमार्गे येते आणि पॅडिंग्टनपासून सुमारे पावणेदोन तास घेते. गाडीत सायकलींसाठी मोजक्याच जागा असतात आणि त्या आधी राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत, पण उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी आयत्या वेळी गेल्यास जागा मिळेलच असे नाही. स्थानकाबाहेर आल्यावर गावचा मुख्य रस्ता लागतो. तो म्हणजे रोमनांनी आखलेला फॉस वे, आजचा ए-429. तो सरळ आहे, रुंद आहे आणि सायकलस्वाराने शक्य तितका टाळावा असा आहे, कारण त्यावर मालमोटारी भरधाव जातात आणि कडेला अंग चोरायला जागा नसते. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश सरकारी नकाशासंस्थेचा ओएल-45 क्रमांकाचा नकाशा जवळ ठेवल्यास लाल आणि केशरी रस्ते सोडून पिवळ्या रस्त्यांनी जाता येते. दोन्ही मार्गांचा बहुतेक भाग त्या एकाच कागदावर मावतो. मोबाइलवर विसंबणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की दऱ्यांच्या तळाशी नेटवर्क अनेकदा जाते.

पश्चिमेच्या मार्गावर पहिले सहा-सात किलोमीटर अंग तापवण्यापुरते आहेत. ब्लॉकली गाव उतारावर वसलेले आहे. एके काळी इथल्या ओढ्याच्या पाण्यावर रेशमाच्या गिरण्या चालत आणि तो धागा कॉव्हेंट्रीच्या फिती विणणाऱ्यांकडे जाई. गावातून बाहेर पडताना दिवसाचा पहिला खरा चढ लागतो. तिथे घाई करू नये, गिअर आधीच हलका करून ठेवावा. माथ्यावरून ब्रॉड कॅम्डनकडे उतरताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दगडी बांध सुरू होतात आणि मग ते दिवसभर सोबत राहतात.

या बांधांपाशी एकदा तरी थांबावे असे मी प्रत्येकाला सांगते. चुना नाही, सिमेंट नाही. नुसते चपटे दगड एकावर एक बसवलेले आणि वरच्या थराला उभे दगड पुस्तकांसारखे ओळीने लावलेले. अशा बांधांची एकूण लांबी कॉट्सवोल्ड्समध्ये सुमारे 6000 किलोमीटर भरते. पडलेला एखादा तुकडा हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला तर त्यात खसखशीएवढे गोल दाणे एकमेकांना चिकटलेले दिसतात, अगदी राजगिऱ्याची वडी मोडल्यावर दिसावी तसे. ज्युरासिक काळातल्या उथळ, कोमट समुद्राच्या तळाशी कणाकणाभोवती चुन्याचे थर बसत गेले, त्यांचे हे दाणे. सह्याद्रीचा काळा, एकसंध बेसॉल्ट पाहत वाढलेल्या माणसाला हा पिवळसर, दाणेदार, बोटाने घासल्यावर पीठ सुटणारा दगड परका वाटतो. इथली घरे, चर्चे, बांध आणि रस्त्याच्या कडेची खडी सगळे त्याचेच असल्याने उन्हात अख्ख्या मुलखाला एकच रंग येतो.

चिपिंग कॅम्डन हे लोकरीच्या व्यापारावर श्रीमंत झालेले गाव. भर रस्त्यात 1627 साली बांधलेला कमानींचा बाजारमंडप आहे आणि त्याच्या आतली फरसबंदी शतकानुशतकांच्या पायांनी उंचसखल झाली आहे. पावसाची सर आली तर सायकल घेऊन आडोशाला उभे राहायला त्याच्यासारखी जागा नाही. गावाबाहेर लगेच डोव्हर्स हिल आहे. रॉबर्ट डोव्हर नावाच्या गृहस्थाने 1612 च्या सुमारास इथे खेळांची जत्रा सुरू केली आणि मधले खंड वगळता ती आजही मे महिन्याच्या अखेरीच्या सुट्टीनंतर येणाऱ्या शुक्रवारी भरते. एकमेकांच्या नडग्यांवर लाथा मारण्याची स्पर्धा तिथे अजूनही होते. टेकडीच्या टोकाशी उभे राहिले की पोळपाटाची उचललेली कड कशाला म्हणायचे ते कळते. पायाखालून जमीन सुटते आणि समोर ईव्हशॅमचा सखल मुलूख शेतांच्या चौकटींनी भरलेला दिसतो.

इथे मार्गाला दोन फाटे फुटतात. एक कड्याच्या माथ्यावरून ब्रॉडवे टॉवरकडे आणि तिथून स्नोजहिलला जातो. दुसरा वेस्टन सबएजला खाली उतरून, कड्याच्या पायथ्याने विलर्सी आणि ब्रॉडवे गावे घेऊन, पुन्हा वर स्नोजहिलला येतो. वरचा फाटा सोपा आहे आणि 18 व्या शतकाच्या शेवटी निव्वळ हौसेखातर बांधलेला तो मनोरा त्यावर जवळून पाहता येतो. मी मात्र खालचा फाटा सुचवते, त्यात दोन उणिवा आहेत हे माहीत असूनही. पहिली उणीव म्हणजे वेस्टन सबएजचा उतार तीव्र, झाडांच्या सावलीतला आणि बहुधा ओला असतो. तिथे दोन्ही ब्रेक हलकेच, आळीपाळीने दाबत उतरावे. दुसरी म्हणजे पायथ्याचा बी-4632 हा रस्ता वाहता आहे आणि ब्रॉडवेपर्यंतचे ते पाच-सहा किलोमीटर मला कधीच आवडलेले नाहीत. तरीही खाली उतरायचे ते ब्रॉडवेहून स्नोजहिलला जाणाऱ्या चढासाठी.

हा चढ सुमारे चार किलोमीटरचा आहे आणि माझ्या मते अख्ख्या परिसरातला सर्वांत सुंदर. ब्रॉडवेच्या हिरवळीपासून उजवीकडे-डावीकडे न वळता दक्षिणेचा लहान रस्ता धरला की पहिल्या दीड किलोमीटरमध्ये चढ जाणवतही नाही. सेंट एडबर्गाचे बाराव्या शतकातले जुने चर्च रस्त्याला लागून आहे. गावापासून ते इतके दूर का, हा प्रश्न तिथे थांबल्यावर हमखास पडतो. उत्तर असे की गावाची वस्ती पुढे व्यापारी रस्त्याकडे सरकली आणि चर्च मागे राहिले. त्यानंतर दरी अरुंद होत जाते. डावीकडे वर मनोऱ्याचे टोक मधूनच डोकावते, उजवीकडे मेंढ्यांची कुरणे तिरकी होत जातात. चढ इतक्या सावकाश वाढतो की आपण कितव्या गिअरवर आलो हे पाहिल्याशिवाय तो वाढल्याचे कळत नाही. शेवटचे पाचशे-सहाशे मीटर मात्र सोडत नाहीत. माझ्या सायकलीला पुढे लहान चक्र 34 दात्यांचे आणि मागे सर्वांत मोठे तेवढेच आहे, आणि तिथे मला त्या दोघांचीही गरज पडते. चढ संपतो तो थेट गावाच्या चौकात, चर्च, दारूचा गुत्ता आणि लाल टेलिफोनची खोकी यांच्यामध्ये. कॉट्सवोल्ड्समधले सलग चढणे मला एवढ्या एकाच जागी मिळते, म्हणून घाटाची आठवण येणाऱ्यांनी तो चुकवू नये.

स्नोजहिलच्या जुन्या वाड्यात चार्ल्स पॅजेट वेड या संग्राहकाने जमवलेल्या हजारो वस्तू आहेत आणि त्यांत रबरी धावा येण्यापूर्वीच्या काळातल्या जुन्या सायकलीही आहेत. वेळ हाताशी असेल तर त्या पाहाव्यात. गावाच्या वर अजून थोडा चढ शिल्लक असतो आणि माथ्यावर लव्हेंडरची शेते लागतात. जूनच्या उत्तरार्धापासून जुलैअखेरपर्यंत तिथे गेल्यास वास आधी येतो, रंग मागून दिसतो.

आता या मार्गाचा आत्मा. स्नोजहिलच्या माथ्यावरून कट्सडीनकडे उतरताना एका वळणावर रस्त्याखालून जेमतेम पाऊलभर रुंद ओहळ जातो. ती विंडरश नदी. फोर्ड, टेंपल गाइटिंग, गाइटिंग पॉवर आणि नॉन्टन अशा चार गावांत ती पुन्हापुन्हा भेटते आणि दर भेटीत थोडी रुंद झालेली असते. टेंपल गाइटिंगच्या नावातला "टेंपल" हा मध्ययुगातल्या टेंप्लर योद्ध्यांच्या मालकीची खूण आहे. हे बारा-तेरा किलोमीटर रस्ता नदीशी फटकून वागत नाही. तो कधी तिच्या काठाने, कधी वरच्या पठाराने, पण तिच्याच दिशेने जातो, त्यामुळे वेग टिकतो आणि नजर मोकळी राहते. मे महिन्यात कडेच्या गवतात पांढऱ्या फुलांच्या छत्र्या सायकलीच्या हँडलच्या उंचीपर्यंत वाढलेल्या असतात आणि गाड्या इतक्या कमी की चेनचा आवाज ऐकू येतो. गाइटिंग पॉवरच्या गावच्या दुकानात चहा आणि खायला मिळते. त्याआधी ब्रॉडवे सोडल्यापासून पाणी भरायची खात्रीची जागा मला सापडलेली नाही, म्हणून ब्रॉडवेलाच दोन्ही बाटल्या भराव्यात. मी स्वतः खजूर, शेंगदाण्याचा लाडू आणि फडक्यात गुंडाळलेली दशमी नेते. पावसात भिजलेल्या थंडगार सँडविचपेक्षा दशमी कधीही बरी लागते.

नॉन्टनला नदीचा हात सोडावा लागतो आणि मामेभावाने ज्याच्यावर भाष्य केले तो चढ येतो. त्यानंतर अपर स्लॉटर. नावाचा कत्तलीशी संबंध नाही. चिखलाची जागा अशा अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून ते आले, असे स्थलनामांचे अभ्यासक सांगतात. दोन्ही महायुद्धांत लढायला गेलेली सगळी माणसे परत आली अशी फार थोडी गावे इंग्लंडमध्ये आहेत, त्यांतले हे एक. इथे आय नावाची लहान नदी रस्त्यावरूनच वाहते आणि शेजारी पादचाऱ्यांसाठी दगडी पूल आहे. पहिल्या खेपेस मी पाणी घोट्याएवढेच आहे असे पाहून सरळ सायकल घातली. पाण्याखालच्या फरशीवर हिरवे शेवाळ होते. मागचे चाक सरकले आणि मी डाव्या कोपरावर पडले. हाड वाचले, पण मागच्या गिअरचा दांडा वाकला आणि पुढचे सगळे अंतर एकाच गिअरवर कापावे लागले. तेव्हापासून मी पुलावरून सायकल हाताने नेते आणि इतरांनाही तेच सांगते.

लोअर स्लॉटर देखणे आहे. त्यापुढचे बोर्टन-ऑन-द-वॉटर मात्र मी मार्गातून काढून टाकले आहे, कारण उन्हाळ्यात दुपारी तिथे सायकल ढकलत न्यावी लागते. लोअर स्वेलवरून स्टोला चढावे. स्टो सुमारे 240 मीटर उंचीवर, चहूबाजूंनी उघडे आहे आणि तिथला वारा थंड असतो ही म्हण इंग्रजीतही आहे. इंग्लंडच्या पहिल्या यादवी युद्धातली शेवटची मोठी लढाई मार्च 1646 मध्ये इथेच झाली. मे आणि ऑक्टोबरमध्ये स्टोला घोड्यांचा बाजार भरतो. त्या दिवशी आसपासचे रस्ते घोडागाड्या आणि मोटारींनी भरून जातात, तेव्हा तारीख पाहूनच बेत करावा. स्टोहून मोरटनला फॉस वेने सात किलोमीटरच पडतात आणि थकलेल्या माणसाला तो मोह होतो. तो आवरावा आणि ब्रॉडवेल, ईव्हनलोड अशा गावांवरून चार किलोमीटर जास्तीचे घ्यावेत. मार्ग मी सांगितला त्याच क्रमाने करण्याचे कारणही इथेच आहे. इथे वारा बहुतेक दिवस नैर्ऋत्येकडून येतो. तो स्नोजहिल ते नॉन्टन तोंडावर घ्यावा लागतो, पण तेव्हा पायांत दम असतो, आणि स्टोपासून पुढे तो पाठीशी येतो.

पूर्वेचा मार्ग दिसायला साधा आहे. मोरटनहून ईव्हनलोड, ॲडल्स्ट्रॉप, डेल्सफर्ड, किंगम, चर्चिल आणि परतताना कॉर्नवेल व चॅसल्टन. चढाई पश्चिमेच्या निम्मीदेखील नाही. तो ईव्हनलोड नदीच्या रुंद खोऱ्यातून जातो, शेते मोठी आहेत, गर्दी नाही. नव्याने सायकल हाती घेतलेल्यांनी किंवा हिवाळ्यात येणाऱ्यांनी हाच करावा, कारण डिसेंबरात चार वाजताच अंधार पडतो. मराठी वाचकाने मात्र तो ऋतू न पाहता एकदा तरी करावा असे मला मनापासून वाटते, आणि त्याचे कारण डेल्सफर्ड.

ईस्ट इंडिया कंपनीचा बंगालमधला पहिला गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याचा जन्म 1732 साली चर्चिल गावात झाला. डेल्सफर्डची जहागीर त्याच्या घराण्याची होती, ती हातची गेली होती. हिंदुस्थानातून परतल्यावर 1788 मध्ये त्याने ती परत विकत घेतली. त्याच वर्षी पार्लमेंटमध्ये त्याच्यावरचा महाभियोग सुरू झाला आणि सात वर्षांनी तो त्यातून सुटला. रस्त्यापासून जरा आत झाडांमध्ये एक लहान चर्च आहे आणि त्याच्या पूर्वेच्या भिंतीबाहेर हेस्टिंग्जचे कलशाकृती स्मारक आहे. वर फक्त नाव आणि साल आहे, 1818. मी पुण्यात वाढले. लोणावळ्याकडे सायकलने जाताना वडगाव मावळात महादजी शिंद्यांच्या स्मारकापाशी पाणी प्यायला थांबायचो आम्ही. जानेवारी 1779 मध्ये तिथेच इंग्रजी फौजेला शरण यावे लागले होते, आणि तो करार कलकत्त्यात बसून धुडकावून लावणारा व पुढे 1782 मध्ये सालबाईच्या तहापर्यंत युद्ध नेणारा माणूस हा होता. तो ऑगस्ट 1818 मध्ये वारला, म्हणजे दुसरा बाजीराव जूनमध्ये माल्कम या कंपनीच्या अधिकाऱ्याच्या स्वाधीन झाला त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांनी. त्या बातम्या त्याच्या कानावर गेल्या असतील का, हा विचार मी त्या दगडापाशी दर खेपेस करते. सायकलीच्या एकाच आयुष्यात वडगाव आणि डेल्सफर्ड या दोन्ही ठिकाणी भिंतीला सायकल टेकवून उभे राहता आले, याचे मला अप्रूप आहे. मोरटनजवळच, दुसऱ्या बाजूला, सेझिनकोट नावाचा मोगली धाटणीचा घुमटाचा वाडाही आहे. कंपनीच्या नोकरीतून परतलेल्या चार्ल्स कॉकरेलसाठी त्याच्या भावाने त्याची रचना केली आणि त्याच भावाने डेल्सफर्डचे घरही आखले होते. त्याची बाग ठरावीक महिन्यांत, ठरावीक दिवशीच खुली असते.

चर्चिल गावाचा दुसरा सुपुत्र मला अधिक जवळचा आहे. विल्यम स्मिथ 1769 साली इथे जन्मला आणि त्याने 1815 मध्ये इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडच्या काही भागाचा भूगर्भीय नकाशा प्रसिद्ध केला. त्याच्या लहानपणी इथल्या गवळणी लोणी तोलायला शेतात सापडणारे गोल, जड दगड वजन म्हणून वापरत. ते समुद्री अर्चिनचे जीवाश्म होते आणि त्यांनी त्या पोराचे कुतूहल जागे केले. गावात त्याच्या स्मरणार्थ इथल्याच दगडाचा स्तंभ आहे. सकाळी बांधावरचा दगड हातात घेऊन पाहिला असेल, तर हा स्तंभ पाहताना तो पुन्हा आठवतो. परतीच्या वाटेवर चॅसल्टन हाउस हा 1612 च्या सुमारास पूर्ण झालेला वाडा येतो. तिथून निघताना एक छोटा चढ आहे, बाकी सांगण्यासारखे काही नाही.

रस्त्यांविषयी. हिवाळ्यानंतर खड्डे वाढतात आणि ते बुजवायला उशीर होतो. अरुंद रस्त्यांच्या मधोमध खडीची रेघ असते, तिच्यावर वळू नये. मार्च ते ऑगस्ट पक्ष्यांच्या विणीमुळे कुंपणांच्या छाटणीला बंदी असते, म्हणून सप्टेंबरपासून छाटणी सुरू होते आणि हॉथॉर्नचे काटे रस्त्यावर पडतात. ऑक्टोबरातल्या एका फेरीत माझी तीन पंक्चरे झाली. त्या दिवसांत दोन ट्यूब, ठिगळे आणि पंप हवेच, आणि टायर 28 मिलिमीटरपेक्षा बारीक नसावेत. वाहनचालक बहुतेक समजूतदार असतात. वाहतूक नियमावलीत जानेवारी 2022 मध्ये केलेल्या बदलांनुसार ताशी 30 मैलांपर्यंतच्या वेगाने सायकलस्वाराला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवायचे असते. अरुंद रस्त्यावर मी कडेला न सरकता मध्यभागातूनच चालवते, जागा आली की बाजूला होऊन हात करते, आणि मागचा माणूसही बहुधा हात करतो. घोडेस्वार दिसला तर दुरूनच आवाज द्यावा, घंटी वाजवू नये, आणि सावकाश, पुरेसे अंतर ठेवून जावे.

एक तक्रार आहे, ती भाड्याच्या सायकलीची. मामेभावासाठी आम्ही या भागातल्या एका दुकानातून दिवसाच्या भाड्याने सायकल घेतली. दुकानात सपाट फरशीवर ती नीट चालली. ब्लॉकलीच्या पहिल्याच चढावर सर्वांत हलका गिअर पडेना, आणि वेस्टन सबएजच्या उतारावर मागच्या ब्रेकचे रबर धातूपर्यंत झिजलेले असल्याचे आवाजावरून कळले. तो निम्मा उतार त्याने चालत उतरला. परत केल्यावर दिलगिरी मिळाली, पैसे मात्र मिळाले नाहीत. असल्या मुलखात घसरणारा गिअर आणि झिजलेला ब्रेक ही किरकोळ बाब नाही. भाड्याने घेताना दुकानातच चाक उचलून सगळे गिअर टाकून पाहावेत, ब्रेकचे रबर वाकून डोळ्यांनी पाहावे, आणि जवळ एखादा चढ असेल तर तिथपर्यंत जाऊन यावे.

दोन्हींत निवड करायची तर पहिल्या खेपेस पूर्वेचा मार्ग करावा, रस्त्यांचा आणि आपल्या पायांचा अंदाज घ्यावा, आणि दुसऱ्या खेपेस मे-जूनमधला कामाचा दिवस रजा काढून पश्चिमेचा. पश्चिमेला मध्ये थांबत सहा तास धरावेत. दोन्ही एका दिवसात जोडणारे आहेत, पण डेल्सफर्डला धावत जाऊन धावत यावे असे ते ठिकाण नाही. परतीच्या गाडीतली सायकलची जागा संध्याकाळी सातनंतरची राखावी. दोन्ही मार्गांचे शेवटचे चार-साडेचार किलोमीटर एकच आहेत, ईव्हनलोड गावापासून मोरटनपर्यंतचे. तो रस्ता जवळजवळ सपाट आहे. जूनमध्ये साडेनवापर्यंत उजेड असतो, वारा पाठीशी असतो, कुरणांतल्या मेंढ्या बांधाच्या सावलीतून बाहेर येऊन चरत असतात, आणि गाडीला वेळ असल्यामुळे पॅडल मारण्याची घाई उरत नाही.